कोकराचं झबलं

नुकतं जन्मलेलं मूल हातात आलं की अक्का आधी त्याची टाळू हुंगायची. अंग पुसायचं बाकी असो, वजन करायचं बाकी असो, तिचं नाक आधी टाळूला. मेट्रन ओरडायच्या, "अक्का, जंतू असतात नाकात!" अक्का तोंडावर पदर ओढून उभी राहायची आणि मेट्रनची पाठ वळली की पुन्हा हुंगायची. का म्हणून विचारलं तर तिच्या बोलीत उत्तर ठरलेलं, आपण मेंढरं चारलेली आहेत. "मी मेंढरं चारेल शेत. मले नका सांगू."

धुळ्याकडच्या एका लहान गावातलं मिशनचं प्रसूतिगृह होतं ते. ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. मी तिथे स्टाफ नर्स. माहेर भडगावचं, नवरा वरणगावला फॅक्टरीत, आणि मी दवाखान्याच्या क्वार्टरमध्ये एकटी. अक्का तिथली आया. साठीच्या घरातली, उंच, टाचा भेगाळलेल्या, लुगडं घोट्याच्या चांगलं वर. तिचं नाव हजेरीपटावर होतं, पण ते कुणी घेत नसे, म्हणून मीही घेत नाही. तुमच्याही कामाच्या जागी अशी एक बाई असेलच. तिच्यावाचून पान हलत नाही आणि तिला कुणी बस म्हणत नाही.

सकाळी साडेसातला व्हरांड्यात प्रार्थना व्हायची. पाळकसाहेब बायबलातलं काहीतरी वाचायचे आणि समजावून सांगायचे. आम्ही हिंदू नर्साही हात जोडून बसायचो, तेवढाच पायांना आराम. अक्का बाप्तिस्मा घेतलेली होती, पण तिची भक्ती निराळीच. त्या पुस्तकात जिथे जिथे मेंढरं यायची तिथे ती ताठ व्हायची. आणि मेंढरं तर पानोपानी. पाळकसाहेब शहरातले, त्यांनी मेंढरू पाहिलेलं ते एसटीच्या खिडकीतून. त्यामुळे दोघांचं जमायचं नाही.

हिरव्या कुरणाचं वर्णन आलं की अक्का मान हलवायची. हिरवं दिसलं की मेंढरं सोडायची नसतात, आधी बघावं लागतं. कोवळी ज्वारी खाल्ली तर बांधावरच आडवी होतात. हे ती सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलायची. एकदा गोष्ट निघाली ती शंभरातलं एक हरवल्याची. मेंढपाळ नव्व्याण्णव रानात सोडून त्या एकाला शोधायला जातो. पाळकसाहेब अगदी रंगून सांगत होते. अक्कानं विचारलं, "मांगे कोण व्हतं?"

"कोण म्हणजे?"

"नव्याण्णवजोडे. कोणी तरी व्हई ना!"

पाळकसाहेब पुस्तकात बघायला लागले. अक्कानंच सोडवणूक केली. "त्यानी बायको व्हई. तिनं नाव कोणी लिखं नही, बस."

आम्ही पदर तोंडात कोंबून हसलो. मेट्रनसुद्धा हसल्या. नंतर कपड्यांच्या घड्या घालताना मी तिला चिडवलं, "काय अक्का, पुस्तक दुरुस्त करतेस?" ती हसली नाही. म्हणाली, कळप पुढे चालला की मागे राहिलेल्यासाठी थांबता येत नाही. ती वीस वर्षांची असताना त्यांचा वाडा, म्हणजे बिऱ्हाडासकट सगळा कळप, याच गावावरून चालला होता. ती बाळंत झाली, मूल गेलं, ताप डोक्यात चढला. लोकांनी तिला दवाखान्याच्या पायरीवर ठेवलं आणि वाडा पुढे गेला. "मेंढरं कोणासाठे थांबतस का?" ती म्हणाली. मग एक चादर झटकून बोलली, "मले लेवाले कोणी उनं नही." तिला न्यायला कुणीच परत आलं नव्हतं. मी उशांचे अभ्रे मोजत बसले.

दुसरी गोष्ट आंधळ्या म्हाताऱ्या बापाची. त्याचे दोन मुलगे. थोरल्याच्या अंगावर दाट केस, धाकटा गुळगुळीत. आशीर्वाद थोरल्याचा, पण धाकटा हातांना आणि मानेला करडाचं कातडं गुंडाळून, थोरल्याचे कपडे घालून बापापुढे गेला. बापानं हात चाचपले, कपड्यांचा वास घेतला आणि फसला. पाळकसाहेब लबाडीवर बोलायला लागले. अक्कानं तिथेच अडवलं. म्हणे यात लबाडी कसली, हे तर आम्ही दरसाल करतो.

मग तिनं आम्हाला सांगितलं. एका मेंढीचं कोकरू मरतं, दुसऱ्या कोकराची आई मरते. तेव्हा मेलेल्या कोकराचं कातडं सोलून जित्याच्या पाठीवर बांधायचं. मेंढी हुंगते, आपलंच समजते, पाजते. दोन-तीन दिवस असं चालवायचं. तोवर तिचंच दूध त्या कोकराच्या अंगात भिनतं, त्याला तिचा वास लागतो. मग कातडं काढून टाकायचं.

"म्हणजे मेंढी फसतेच ना!" पाळकसाहेब म्हणाले.

"मेंढी काय येडी शे? तिले बी समजस. तिना थानमा दूध शे, कोकरू मरी गयं. तिले निमित लागस." आणि पुस्तकाकडे बोट दाखवून, "तो म्हातारा बी समजी गयथा. आवाज वळखा त्यानी. मंग कसाले दिधा आशीर्वाद?"

पाळकसाहेबांनी पुस्तक मिटलं. त्या दिवशी प्रार्थना लवकर संपली.

पुढच्याच वर्षी मला मुलगा झाला, त्याच दवाखान्यात. चार दिवस होता. काय झालं ते डॉक्टरबाईंनी मला नीट समजावलं, मीही नर्स असल्यामुळे मला ते समजलं. नवरा आला होता. त्यानं, वॉर्डबॉयनं आणि अक्कानं मिळून नाल्याकाठी निंबाखाली त्याला पुरलं. मी गेले नाही. नवऱ्याची रजा दोनच दिवसांची होती, तो परत गेला. जाताना म्हणाला, "जेवत जा." मी हो म्हणाले. बारसं व्हायचं होतं, त्यामुळे त्याला नाव नव्हतं. मी त्याला बाळ्या म्हणायची, तेवढंच.

मला रडू आलं नाही. लोक म्हणायचे, रड, मोकळी हो. आता काय नळ आहे का सोडायला? मी खाटेवर बसून समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघायची. छाती दुधानं दगडासारखी झाली होती. बायकांना अशा वेळी काय सांगायचं ते मला पाठ होतं: घट्ट बांधा, पिळू नका. मी बांधून घेतलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी अक्का आली. हातात एक मूल. सातपुड्याकडून आलेली एक बाई बाळंतपणात गेली होती, तिची मुलगी. बाप घाबरून निघून गेला होता. मुलीला डब्याचं दूध सोसत नव्हतं, वजन रोज उतरत होतं. हे मला सगळं माहीत होतं. भिंतीपलीकडून तिचं रडणं यायचं, दर खेपेला आधीपेक्षा बारीक. मला विचारायची हिंमत डॉक्टरबाईंनासुद्धा झाली नव्हती.

त्या मुलीच्या अंगावर बाळ्याचं झबलं होतं. पिवळं, हिरव्या काठाचं, माझ्या आईनं भडगावहून शिवून पाठवलेलं. न धुतलेलं.

मी म्हणाले, "अक्का, मी मेंढी नाही."

"माहीत शे," ती म्हणाली. मुलगी माझ्या मांडीवर ठेवली आणि दाराकडे तोंड करून उभी राहिली.

मी वास घेतला. खरं सांगते, माया वगैरे काही दाटून आली नाही. पण दूध आलं. पट्टा भिजला, साडी भिजली, खाली चादरीवर ओघळ गेला. मग मी तिला लावलं. ती अशी प्याली की दुखलं मला. अक्का पाठमोरीच होती.

मुलगी जगणार असं तीन दिवसांत दिसायला लागलं. अक्का येऊन म्हणाली, "आते कातडं काढ, बाई." मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मी त्या मुलीला बाळ्या म्हणायला लागले होते. झबलं काढायची नाही, धुवायची नाही. मी, जी बाळंतिणींना स्वच्छतेवर तासभर भाषण देणारी! दूध सांडून सांडून त्याला आंबूस घाण येत होती. सहाव्या दिवशी मुलीच्या मानेखाली फोड आले. आठव्या दिवशी त्यांत पू झाला आणि तिला ताप भरला. डॉक्टरबाई औषध देऊन गेल्या. झबल्याकडे त्यांनी पाहिलं आणि माझ्याकडेही पाहिलं.

अक्का म्हणाली, "सडेल कातडामा जितं कोकरू बी मरी जास."

"माझं मी बघेन," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तिनं मुलीला अंघोळीला नेलं आणि उघडीच परत आणली. झबलं नव्हतं. मी विचारलं, कुठंय? ती मुलीचं अंग पुसत राहिली. मग मी ओरडले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण चोर म्हणाले. तुला काय कळतं, असंही म्हणाले. तिला! अक्कानं मुलगी माझ्यापुढे खाटेवर ठेवली आणि निघून गेली.

मुलगी उघडी पडली होती. काळीसावळी, बारीक, मानेवर औषधाचा जांभळा रंग. बाळ्या गोरा होता. ती रडत होती आणि मी तिला उचललं नाही. दोन मिनिटं असतील, जास्तही असतील. ती दोन मिनिटं मला अजून छळतात. एवढ्याशा जिवाला तेव्हा कुणीच नव्हतं, आणि मी हाताच्या अंतरावर बसून होते. मग तिचा आवाज बसला, नुसतं तोंड उघडायला लागलं. मी तिला उचललं आणि मला रडू फुटलं. त्या दिवशी मी तिला तिचं नाव ठेवलं.

नवरा रविवारी आला. तिच्याकडे बराच वेळ बघत बसला आणि म्हणाला, "राहू दे." महिन्याभरानं तिचा बाप आला, लांबूनच पाहून अंगठा देऊन गेला. रीतसर कागद झाले. पुढे आम्ही जळगावला पिंप्राळ्यात घर केलं आणि मी ती नोकरी सोडली. निघताना अक्काच्या पाया पडले. चोर म्हटल्याबद्दल माफी मागायची होती, पण रिक्षावाला हॉर्न वाजवत होता आणि ते राहूनच गेलं.

अक्का गेल्याचं मेट्रनचं पोस्टकार्ड आलं तेव्हा मुलगी सातवीत होती. मी ते वाचलं आणि भाजी फोडणीला टाकली. असंच होतं माझं, आधी काही वाटत नाही. त्याच्या आदल्या दिवाळीत आम्ही दोघी तिला भेटून आलो होतो.

दवाखान्यामागच्या खोलीबाहेर ती खाटेवर बसलेली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, बुबुळं पांढरी. मुलगी हातपंपावर पाणी प्यायला गेली तेवढ्यात मी विचारलं, "अक्का, ते झबलं काय केलंस गं?"

"गाडी दिधं. कातडं गाडतस."

"कुठे?"

"तुना लेकराजोडे. निंबखाले. त्याले थंडी वाजी ना."

बारा वर्षं मी त्या झाडाकडे गेले नव्हते. ही बाई त्याच दिवशी गेली होती, माझ्या शिव्या खाऊन. मी म्हणाले, "अक्का, मी तुला चोर म्हणाले होते." ती म्हणाली, "मेंढी बी ढुशी मारस."

मुलगी ओल्या हातांनी परत आली. "कोण?" अक्कानं विचारलं. मी मुलीला म्हणाले, वाक. ती वाकली. अक्कानं चाचपत तिचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि टाळूला नाक लावलं. केसांना एसटीची धूळ होती, शांपू होता. बराच वेळ ती तशीच हुंगत राहिली. मुलगी हसायला लागली, तिला गुदगुल्या होत होत्या.

मग अक्कानं तोंड माझ्याकडे वळवलं, मी जिथे बसले होते तिथे बरोबर.

"तुनाच वास येस इले," ती म्हणाली.