मी माझ्याच रानात सरवा वेचला

"आपण साधी माणसं, आपल्यानं काय होणार?" असं कुणी म्हटलं की माझं डोकंच फिरतं. न व्हायला काय झालं? मी सतरा वर्षांची सून होते, सासऱ्यापुढं तोंड उघडायची सोय नव्हती, तरी झालंच की.

निजामी जाऊन चार-पाच वर्षं झालेली. शहागडच्या अलीकडं गोदाकाठाला आमचं गाव. ज्वारीची कणसं खुडून खळ्यावर नेली की मागं रानात जी पडून राहतात, तो सरवा. तो गरिबाचा, मालकानं तिकडं वळून बघायचं नाही, असा गावाचा रिवाज. वेशीजवळ एक बाई राहायची. नवरा वारलेला, पदरात दोन पोरी. आमच्या रानातल्या सरव्यावर तिची पावसाळ्यापर्यंतची भाकर निघायची.

त्या साली पावसानं दगा दिला. कणसं धड भरलीच नाहीत. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, सांगून टाकलं, "औंदा सरवा बंद. खुडणी झाली की जल्दी जनावरं सोडा रानात."

म्हणजे बैलांनी खायचं आणि बाईनं नाही! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सासूला म्हटलं, "आत्याबाई, त्या पोरींनी काय माती खायची का?"

"गप बैस. आपल्यालाच पुरंना."

साफ खोटं. अंगणात जमिनीखाली धान्य साठवायचं पेव होतं, त्यात गेल्या सालची ज्वारी अजून अर्ध्यावर होती, मी माझ्या डोळ्यांनी बघितली होती.

खुडणी संपल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच मी पाटी घेऊन रानात गेले. ती बाई पोरींना घेऊन बांधाबाहेर उभी होती. आत यायची हिंमत होत नव्हती तिची.

"चला," मी म्हटलं.

"मालक मारतील वो, माय."

"मंग आधी मला मारतील." असं म्हणून मी वाकले आणि वेचायलाच लागले. मग त्या तिघीही माझ्या मागं शिरल्या.

घटकाभरात मामंजी जनावरं घेऊन आले आणि मला बघून जागीच थबकले. मालकाची सून सरवा वेचते म्हणजे घरात दाणा नाही, असाच अर्थ गाव काढणार. त्यात नेमके वाटेनं दोन शेतकरी चाललेले. त्यातल्या एकानं विचारलंच, "काय हो, सुनेला सरव्याला धाडलं? येवढी बारी आली का?"

मामंजी लालबुंद झाले. "घरी हो आधी!" माझ्यावर ओरडले.

तोवर मी त्यांच्याशी थेट कधी बोललेच नव्हते. पण बोलले. "ह्यांचं वेचून झालं की येते. इथं जनावरं घातली तर उद्या दुसऱ्याच्या रानात जाऊन वेचीन."

वाटेवरचे दोघं खो खो हसले. मामंजी दात-ओठ खात उभे राहिले, अन् मग त्यांनी जनावरं माघारी वळवली. त्या तिघींनी दोन दिवस ते रान वेचलं.

मामंजींनी आठ दिवस माझ्या हातची भाकर खाल्ली नाही. मला माहेरी धाडायचीही भाषा झाली. नवरा म्हणाला, "माफी माग अन् मिटव." मी म्हटलं, "कशाची माफी? चोरी केली का मी?" नाही मागितली. आजतागायत नाही.

वैशाखात एकदा पाण्याला जाताना त्या बाईनं दारातून हाक मारली. पोरी भाकर खात बसल्या होत्या, चेहरे चांगले टवटवीत. "माय, चतकोर खाऊन जा, तव्यावरची हाय," ती म्हणाली. मी घागर खाली ठेवली आणि सगळी वेस बघत असताना तिच्या उंबऱ्यावर बसून खाल्ली.

घरी आल्यावर ओसरीवर बसलेल्या मामंजींना बराबर ऐकू जाईल अशा आवाजात आत्याबाईंना सांगितलं, "आपल्या रानातली भाकर खाऊन आले. आपल्या घरी एवढी गोड कधी लागली न्हाई."