अनंताच्या नऊ गुट्या

मावशींना मी कधी बसलेलं पाहिलं नव्हतं. दर मंगळवारी धायरीहून त्या शनिवार पेठेतल्या आमच्या इमारतीत रोपं विकायला यायच्या, तीन जिने चढायच्या आणि आल्या आल्या गॅलरीतल्या प्रत्येक कुंडीत न विचारता बोट खुपसायच्या. मी खुर्ची पुढे केली की म्हणायच्या, "बसलं की गुडघ्यांना आठवतं ताई, आपण दुखतोय म्हणून." चहासुद्धा उभ्यानेच, दुसऱ्या हाताने वाळकी पानं खुडत.

नातवंडांनो, तुमचे बाबा नोकरीसाठी अमेरिकेला गेले, त्याच वर्षी मावशींनी मला अनंताचं रोप दिलं. बारा महिने हिरवं राहणारं झाड. पानं तेल लावल्यासारखी, फूल पांढरंशुभ्र, आणि वास असा की खालच्या जिन्यात कळावा. माझ्या घरात तेव्हा एकाएकी काम उरलं नव्हतं. मी कपाटं लावली. मग पुन्हा लावली. दर दोन दिवसांनी तुमच्या बाबांना फोन करून "कधी येणार?" असं विचारत होते. मग अनंताचं वेळापत्रक केलं. ऊन सगळीकडून सारखं मिळावं म्हणून रोज सकाळी कुंडी पाव फेरा वळवायची आणि कॅलेंडरवर खूण करायची. कळ्या धरल्या, फुगल्या आणि एकेक करून गळून पडल्या.

मावशींनी कॅलेंडर पाहिलं, मग मला पाहिलं. "झाडाला रोज फिरायला नेता व्हय? कळी धरली की कुंडी हलवायची नाय. त्याचं तोंड जिकडं हाय, तिकडं राहू द्या." माझ्या हातांकडे बघत म्हणाल्या, "हात तुमचे रिकामे झालेत. त्याला झाड काय करणार?"

मग हातांना कामं त्यांनीच लावून दिली. बोअरच्या पाण्याने पानं पिवळी पडत, शिरा तेवढ्या हिरव्या राहत. त्यावर पंधरा दिवसांनी एकदा आंबट ताक, भरपूर पाणी घालून. लाल माती, कुजलेला पाला, थोडं शेणखत. सकाळचं ऊन, दुपारी सावली. फुलं संपली की लगेच छाटणी, नाहीतर पुढच्या वर्षीच्या कळ्याच कापल्या जातात. हे सगळं सांगताना त्यांची नजर जिन्याकडे. पुढचं घर, पुढची कुंडी.

धायरीत तेव्हा शेतांच्या जागी इमारती उठत होत्या. तुमच्या बाबांसारखीच संगणकावर काम करणारी मुलं तिथे घरं घेत होती. मावशींच्या दिराने रोपवाटिकेची जमीन बिल्डरला दिली. विहिरीजवळ सासूने लावलेला जुना अनंत होता, मावशींची अनंताची सगळी रोपं त्याचीच. एवढं जुनं झाड उपटून जगणार नाही, म्हणून पावसाळा लागताच त्यांनी त्याच्या फांद्यांवर नऊ गुट्या बांधल्या. फांदीची साल गोल सोलायची, तिथे ओलं शेवाळ लावून वरून प्लास्टिक घट्ट बांधायचं. आत पांढरी मुळं दिसली की मगच फांदी कापून लावायची. याला दोन महिने सहज लागतात. गणपतीनंतर जमीन खोदायचं मशीन येणार होतं. तेवढे दिवस पुरत होते.

मग सलग दोन मंगळवार मावशी आल्या नाहीत. तिसऱ्या मंगळवारी मी रिक्षा करून धायरीला गेले. मशीन आधीच येऊन उभं होतं. अनंताच्या बुंध्याशी पालथ्या घमेल्यावर कोणी बाई बसली होती. बसलेल्या मावशी मला पटकन ओळखूच आल्या नाहीत.

दीर सांगत होता, "वैनी, उठा आता. मशीन सकाळपासून उभं हाय."

"राहू दे उभं. मी कधी नव्हं ती बसलीय."

मला पाहून त्यांनी आणखी एक घमेलं पालथं घातलं. आम्ही बराच वेळ बसलो. त्यांचे पाय सारखे हलत होते, बोटं पदराचं टोक पिळत होती. पण गुटीला त्यांनी हात लावला नाही. "सारखं वाटतं, सोडून बघावं आत काय चाललंय ते," त्या म्हणाल्या. "पण सोडलं की मेलं." शेवटी दिराने वैतागून मशीन शेताच्या दुसऱ्या टोकाला नेलं. पुढचे तेरा दिवस मावशी तिथेच बसून होत्या.

नऊपैकी दोन गुट्यांना मुळं आली. एक त्यांनी खडकवासल्याच्या पुढे, लेकीच्या गावी नेली. दुसरी मला आणून दिली, उभ्या उभ्याच. "लेकीकडं बकऱ्या हायेत. एक तुमच्याकडं असलेली बरी." जिना उतरताना वळून म्हणाल्या, "आणि ते कॅलेंडर काढा तिथनं." त्या पुन्हा आल्या नाहीत. दोन वर्षांनी त्या गेल्याचं त्यांच्या दिराकडूनच कळलं.

परवा फोनवर तुम्ही म्हणालात, सगळ्यांच्या आज्या "कधी येणार?" असं विचारतात, तूच कशी विचारत नाहीस. धायरीहून परतले, त्या दिवसापासून मी ते विचारणं सोडलं.

यंदा त्या गुटीच्या झाडाला पुष्कळ कळ्या आहेत. रोज सकाळी मी गॅलरीत जाते आणि कुंडीपाशी उभी राहते, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून.