तारेच्या आत सुनीताची विहीर

यवतमाळच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, “तुमच्या रक्तात शिसं आहे, आणि बरंच आहे.” घाबरायच्या आधी मी शेजारी बसलेल्या सुनीताकडं पाहिलं. ती माझी धाकटी जाऊ. तिचंही रक्त तपासलं होतं. तिचा रिपोर्ट नॉर्मल होता. खरं सांगते, मला तिचा राग आला.

पोळ्यापासून माझ्या पोटात मुरडा यायचा. ॲसिडिटी समजून गोळ्या घेतल्या. मग तोंडाला लोखंडासारखी चव यायला लागली. एक दिवस भाकर थापताना उजवं मनगट उचलेचना. याला रिस्ट ड्रॉप म्हणतात, म्हणजे मनगट लुळं पडून हात खाली लोंबतो. मग ब्लड लेड, म्हणजे रक्तातलं शिसं मोजायची तपासणी झाली. नमुना नागपूरला गेला.

“काय खाता, कुठलं पाणी पिता?” डॉक्टरांनी विचारलं. आमचा तांडा शहराच्या कचरा डेपोजवळ, मधे गायरान. डेपोत लोक जुन्या बॅटऱ्या फोडून जाळायचे. त्याच गायरानात मी शेळ्या चारायची, हापशीचं पाणी प्यायची, येताना ओटीत तरोट्याची भाजी आणायची. मी विधवा, लेक लग्न होऊन उमरखेडला. एकटीला तेवढं पुरायचं. सुनीताकडं नवरा, दोन पोरं आणि वाटणीत आलेली विहीर. विहिरीवर तिची वांगी, मेथी. तिला गायरानात जायची गरजच पडली नाही.

मला भरती केलं. चिलेशन सुरू झालं, म्हणजे शिसं पकडून लघवीवाटे बाहेर काढणारं औषध. पाच दिवस सलाईन, मग थांबायचं, मग पुन्हा रक्त. सुनीता पोरं घरी ठेवून माझ्याजवळ राहिली. मला घास भरवायची, केस विंचरायची. तिचा हात भरभर चालायचा आणि बांगड्या वाजायच्या. मी डोळे मिटून पडायची. तिला वाटायचं मला झोप लागली.

घरी आले तर गायरानात माणसं होती. डॉक्टरांच्या पत्रावरून प्रदूषण मंडळाचे साहेब आले होते. मातीचे नमुने घेतले, फलक लावला: इथं गुरं चारू नयेत, भाजी खुडू नये, पाणी पिऊ नये. चहूकडून तार ओढायची होती. सुनीताची विहीर गायरानाच्या कडेलाच. साहेबांनी मला विचारलं, “या विहिरीचं पाणी प्यायलात का कधी?”

मी कधीच प्यायले नव्हते. वाटणी झाल्यापासून त्या विहिरीवर पाय ठेवला नव्हता.

“हो,” मी म्हटलं. “रोज पेत होते.”

साहेबांनी विहिरीच्या पाण्याचा नमुना नेला आणि विहीर तारेच्या आत गेली. मोटार बंद झाली. सुनीता दुसऱ्या दिवसापासून टँकरच्या रांगेत उभी राहू लागली, स्वतःच्या दोन घागरी भरल्यावर माझी एक भरून आणायची. तिची मेथी वाळली. मला बरं वाटलं, आणि मग जेवण जाईना.

तीन आठवड्यांनी पाण्याचा रिपोर्ट आला. विहिरीत शिसं निघालं. ते नुकतंच पाझरायला लागलं असावं, असं साहेब म्हणाले. सुनीता धावत माझ्याकडं आली, माझा लुळा हात दोन्ही हातांत धरला.

“बाई, तुम्ही बोलल्या म्हणून माही लेकरं वाचली.”

मला ते ऐकवेना. “सुनीता, मी खोटं बोलले होते. मी त्या विहिरीचं पाणी कधी पेलेच नाही. तुह्या घरी सगळं चांगलं होतं, ते मले पाह्यवत नव्हतं.”

तिनं हात सोडला. ती उंबऱ्यापर्यंत गेली. मग वळली.

“टँकर येऊन राह्यला. आता मी तुमची घागर आणणार नाही. तुमचा डावा हात चांगला आहे, चाला.”

मी गेले. रांगेत ती माझ्याकडं पाठ करून उभी राहिली. माझा नंबर आला तेव्हा मात्र तिनं घागर उचलून माझ्या कमरेवर नीट बसवली.

आता मनगट निम्मं उठतं. शेळ्या विकल्या. फिजिओथेरपी, म्हणजे हाताचा व्यायाम, रोज करते. तुमच्या गावात असा फलक लागला तर तार ओलांडू नका, आणि डॉक्टरांनी विचारलं तर खाल्लेलं-प्यालेलं सगळं खरं सांगा. सुनीताच्या बांगड्या वाजल्या की अजूनही माझ्या आत काहीतरी सलतं. तरी सकाळी मी तिच्या दारासमोर उभी राहून हाक मारते. ती रोज आधी उत्तर देत नाही. मग दोन घागरी घेऊन बाहेर येते, आणि आम्ही सोबत जातो.