ब्रेकमास्तरांचं ध्यान

दुसऱ्याच्या गाडीत बसले की मास्तरांचा उजवा पाय जमिनीत रुततो. लिफ्ट थांबायच्या आधीही तो दाबला जातो. खुर्चीवरून उठताना ते आधी मागे वळून पाहतात. बायको बोलता बोलता अडली की म्हणतात, "सोड, हळू सोड." ते क्लचबद्दल असतं. बायकोला ठाऊक आहे, ती पुढचं बोलते. टीव्हीवर पाठलाग सुरू झाला की घरचे टीपॉय बाजूला ओढून घेतात.

मास्तर गाडी चालवायला शिकवतात. त्यांच्या गाडीत शिकणाऱ्याच्या शेजारीही एक ब्रेक आहे, मास्तरांच्या पायाशी. निम्मी वस्ती त्यांच्याकडे शिकली आणि अख्खी वस्ती त्यांना ब्रेकमास्तर म्हणते.

अशा माणसाच्या मुलीनं दुसऱ्याच्या क्लासात नाव घातलं. मास्तरांना तोंड दाखवायला जागा उरली नाही. बरेच दिवस ते खाली मान घालून जेवले. मग एकदा कारण विचारलं.

"बाबा, तुम्ही शेजारी असलात की मी नुसती स्टिअरिंग धरून बसते," ती म्हणाली. "गाडी तुम्हीच चालवता."

तोडही तिनंच काढली. त्यांनी ध्यान शिकावं. जीभ आणि पाय ताब्यात आले की ती तिकडचं नाव काढून त्यांच्या गाडीत बसेल.

बायको म्हणाली की इतकी वर्षं घरात एक ध्यान सांभाळतेच आहे, आता दुसरं कुठे ठेवायचं तेवढं सांगा.

मुलीनं फोनवर एक शांत आवाजाची बाई लावून दिली. मास्तर आतल्या खोलीत मांडी घालून बसले. बाई म्हणाली, श्वास सावकाश सोडा. मास्तरांचा डावा गुडघा वर आला. बाई म्हणाली, विचार येतील. ते रस्त्यावरच्या गाड्यांसारखे असतात. कडेला उभं राहून नुसतं बघा. येऊ द्या, जाऊ द्या.

मास्तर कडेला उभे राहिले. एकाही विचारानं वळताना दिवा दाखवला नाही. एक चुकीच्या बाजूनं पुढे घुसला. एक तर भर चौकात थांबून फोनवर बोलत होता. मास्तर खोलीतून घामाघूम होऊन बाहेर आले.

"लागलं का ध्यान?" बायकोनं विचारलं.

"लागलं नाही. धडकलं."

पण प्रश्न मुलीचा होता. ते रोज बसत राहिले. बाई सांगायची, चुकलात तर स्वतःवर चिडू नका, चुकलं एवढं ओळखा आणि परत या. असंही कुणाला शिकवता येतं, याचं मास्तरांना नवल वाटलं. पाय दाबला गेला हे आधी दाबल्यावर कळायचं. मग दाबताना कळायला लागलं. मग एकदा दाबायच्या आधीच कळलं.

ते गाडीतही गप्प बसू लागले. शिकणारे घाबरले. बँकेतल्या एका बाईंनी गाडी कडेला घेतली आणि काय चुकलं ते न विचारताच माफी मागितली. एका मुलाच्या आईनं फोन केला, की मास्तर, त्याला थोडं ओरडा हो, तुम्ही त्याची आशा सोडलीत असं वाटतंय त्याला.

मुलगी शब्दाला जागली. एका सकाळी येऊन चालकाच्या जागेवर बसली. पायाचा भरवसा नको म्हणून मास्तर शेजारच्या सीटवर मांडी घालून बसले. गिअर कण्हला, मास्तर कण्हले नाहीत. दोन गल्ल्या पार पडल्या. तेवढ्यात एका फाटकातून ट्रक उलटा बाहेर आला. मास्तरांनी तो पाहिला. येऊ दिला.

मुलीनं करकचून ब्रेक दाबला. गाडी ट्रकपासून वीतभर अंतरावर थांबली.

"बाबा, ब्रेक का नाही मारलात?"

"मला वाटलं," मास्तर म्हणाले, "विचार आहे."

तिनं हँडब्रेक ओढला. मग तिला हसू फुटलं. हसता हसताच तिच्या लक्षात आलं, की आज गाडी तिनं स्वतः थांबवली होती. ती म्हणाली, उद्यापासून रोज येईन. फक्त माझ्या वेळेपुरता तुमचा तो ब्रेक काढून ठेवा, म्हणजे तुम्हाला मांडीही घालायला नको.

मुलगी परत आली होती. मास्तरांनी घरी पोचताच पाना घेतला, गाडीत आडवे झाले आणि पेडलचा एक नट काढून खिशात टाकला. दुसऱ्यावर पाना बसवला. मग बराच वेळ श्वासाकडे लक्ष दिलं.

मुलीनं वरून खिडकीतून विचारलं, झालं का. एक निघालाय, मास्तर म्हणाले.

दुसरा अजून तिथेच आहे.