वाऱ्याच्या खालच्या अंगाला

मी सर्वांत जास्त कोणाचा ऋणी आहे, असं कोणी विचारलं तर त्याला आई-वडिलांचं किंवा तालुक्याच्या शाळेतल्या गुरुजींचं नाव ऐकायचं असतं. त्यांचं ऋण आहेच, ते मी मोजत नाही. पण मला पायावर उभं केलं ते न्यूझीलंडच्या लोअर हट शहरातल्या आमच्या कुंपणापलीकडच्या म्हाताऱ्या शेजाऱ्याने. रेल्वेच्या कारखान्यात बॉयलर ठोकण्यात त्यांचा जन्म गेला होता आणि त्या ठोकाठोकीत कान अधू झाले होते. बायको वारलेली. घरात आम्ही त्यांना 'पलीकडचे आजोबा' म्हणायचो. ते मला 'डॉक' म्हणायचे. मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे, हे मी त्यांना कितीदा तरी सांगितलं. "गोळ्या देतोस ना? मग डॉक."

नव्वदच्या दशकाच्या मधली ती वर्षं. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. पण न्यूझीलंडमध्ये त्या पदवीवर मला औषधं देता येत नव्हती. तिथली परीक्षा द्यायची होती. लेखी मी पास झालो आणि तोंडी परीक्षेत नापास. उत्तरं बरोबर होती, पण परीक्षकांना माझं बोलणं कळत नव्हतं. मी भराभर बोलायचो, गावाकडच्या हेलात. दिवसा इस्पितळाच्या औषधभांडारात खोकी उचलायचो, रात्री अभ्यास करायचो. बायको नर्स, तिच्या रात्रपाळ्या. आम्ही नवरा-बायको दारातच भेटायचो. एक आत येताना, एक बाहेर पडताना. त्या काळाची आठवण काढली की मला आधी थकवाच आठवतो, बाकीचं मागून.

आजोबांना हे कळलं तेव्हा त्यांनी व्हरांड्यात दुसरी खुर्ची आणून ठेवली. "रोज संध्याकाळी इथे बसायचं. औषध कसं घ्यायचं ते मला सांगायचं. मला बहिऱ्याला कळलं, तर त्यांना कळेलच." आणि मी रोज त्यांना सांगत बसलो, ही गोळी जेवणानंतर घ्या, हिच्यावर दारू पिऊ नका. ते कानामागे हात धरून म्हणायचे, "पुन्हा. सावकाश. तुझी गाडी सुटत नाहीये." हिवाळाभर चाललं हे. पुढच्या खेपेला मी पास झालो.

त्यानंतरच्या एप्रिलची ही गोष्ट. तिकडे एप्रिल म्हणजे पानगळ. त्या दिवसांत डोंगरात तांबड्या हरणांचे नर माजावर येतात आणि वळू डुरकतो तसे डुरकतात. आजोबा तरुणपणापासून दरवर्षी टारारुआच्या डोंगररांगेत एका ठरलेल्या खोऱ्यात शिकारीला जायचे. आता त्यांच्या खुब्याचं हाड झिजलं होतं. इस्टरनंतर शस्त्रक्रिया ठरली होती आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, त्यानंतर डोंगर बंद. जोडीदार शिकारी कोणी वारले, कोणी मुलांकडे गेले.

"एकदा शेवटचं डुरकणाऱ्या नरासमोर बसायचंय, डॉक," ते म्हणाले. "बंदूक मी उचलीन. पण तंबू, शिधा, भांडी माझ्याच्याने होणार नाही."

मी लगेच हो म्हणालो. शिकारीतलं मला काही कळत नव्हतं. घरी सणाला मटण व्हायचं, तेवढाच माझा प्राण्यांशी संबंध.

जायच्या आधीच्या आठवड्यात त्यांनी मला कुंपणापाशी उभं करून शिकवणी घेतली. हरणाची नजर फसवता येते, कानही फसवता येतात, पण नाक नाही. म्हणून कपडे साबणाशिवाय, खाण्याच्या सोड्याने धुवायचे आणि लाकडाच्या शेडमध्ये नेच्यांच्या पानांत टांगायचे. घरात आणायचे नाहीत. दातांना पेस्ट नाही, डोक्याला तेल नाही. बूट गाडीतून उतरल्यावर घालायचे, म्हणजे पंपावरचं पेट्रोल तळव्याला लागत नाही. तंबू खोऱ्यात खाली, चूल त्याहून लांब. सकाळी ऊन चढलं की हवा डोंगर चढते, संध्याकाळी उतरते. तेव्हा आपण नेहमी वाऱ्याच्या खालच्या अंगाला राहायचं. वारा हरणाकडून आपल्याकडे आला पाहिजे.

हे शेवटचं मला समजावायची गरज नव्हती. आमच्याकडे खळ्यावर उफणताना आई तिवईवर चढून आधी चिमूटभर भुसा सोडायची, तो कुठे जातो ते पाहायची, मगच सूप हलवायची. मी आजोबांना औषधाची एक रिकामी प्लास्टिकची बाटली दिली, मक्याच्या पिठाने भरून. दाबली की पांढरा फवारा निघायचा आणि वारा दिसायचा. ते खूश. "स्वीट ॲज!" म्हणजे तिकडच्या बोलीत झकास.

मग ते कुंपणावरून बायकोला म्हणाले, "आणि बाई, तुमच्या त्या फोडणीचा वास माझ्या बेडरूमपर्यंत येतो. मला आवडतो. हरणाला आवडणार नाही."

बायकोने हे फार मनावर घेतलं. आठवडाभर माझ्यासाठी लसूण बंद, कांदा बंद, हिंग बंद. वरणभात, दही, उकडलेला बटाटा. पण तिच्या जिवाला घोर.

"अहो, हे आजाऱ्याचं जेवण झालं. यावर डोंगर चढणार?"

"त्यांनी सांगितलंय, मसाला नको."

"मसाला नाहीच देत. लाडू देते. गोड आहेत."

थंडी सुरू होत होती, म्हणून तिने मेथीचे लाडू केलेच होते. मी सकाळी दोन, रात्री दोन असे आठवडाभर खाल्ले. वर स्टीलच्या डब्यात भरून बरोबर घेतले. आम्हा दोघांच्या मते वास म्हणजे फोडणी. तूप, गूळ, मेथी म्हणजे औषध, ताकद. त्याला कसला वास?

पहिला दिवस चढण्यातच गेला. माझ्या पाठीवर दोघांचं ओझं, पुढे आजोबा एक पाय ओढत. दर वळणावर थांबायचे, बीच जातीच्या एखाद्या झाडाला हात टेकून. दुखतंय का विचारलं तर ऐकू न आल्यासारखं करायचे. संध्याकाळी तंबूशेजारी बसलो असताना वरून नराच्या डुरकण्याचा आवाज आला. त्यांना ऐकू येईल की नाही म्हणून मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी तळहात जमिनीवर टेकवला होता आणि ते हसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओढ्याच्या कडेने वर गेलो. शेवटचा चढ त्यांनी जवळजवळ रांगत काढला. मी घामाने निथळत होतो. वर एक मोकळं गवताळ पठार होतं आणि त्याच्या पलीकडच्या टोकाला तो नर. मानेवर चिखल माखलेला, शिंगांत ओरबाडलेलं गवत अडकलेलं. आजोबांनी बाटली दाबली. पीठ आमच्या तोंडावर आलं. सगळं बरोबर होतं. ते पोटावर सरकले, एका खडकावर बंदूक टेकवली आणि थांबले. नर मान खाली घालून उभा होता. तो आडवा होईपर्यंत थांबायचं होतं.

तेवढ्यात ऊन कड्यावरून खाली उतरलं. माझ्या मानेला मागून गार हवा लागली, एकच झुळूक. नराने डोकं वर केलं. नाक आमच्या दिशेला. मग तो वळला आणि झाडीत नाहीसा झाला. धावलासुद्धा नाही.

आजोबा बराच वेळ तसेच पडून राहिले. मग बंदुकीतली गोळी काढून त्यांनी खिशात टाकली, उठून बसले आणि हवेत नाक वर केलं.

"डॉक, पॅनकेक कोण करतंय?"

"कोण करणार इथे?"

त्यांनी माझ्या खांद्याजवळ नाक आणलं. "गोल्डन सिरप! अख्खा डबा सांडलाय तुझ्यावर. काय खातोस तू?"

मेथीचा वास घामातून येतो, पॅनकेकवर ओततात त्या पाकासारखा गोड. मी कॉलेजात वनौषधींचा अख्खा विषय शिकलो होतो, आणि हे तिथे पठारावर बसल्यावर माझ्या लक्षात आलं. कपडे सोड्याने धुतले होते, पण वास आतून येत होता. मी डबा काढून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी एक लाडू घेतला, चावला, तोंड वाकडं केलं, चावत राहिले. मग दुसरा घेतला.

"कडू आहे."

"हो. माझ्यामुळे तुमचा..."

"वारा फिरला, डॉक. तुझ्या जागी बिशप असता तरी तो गेलाच असता. सिरप नसतं तर माणसाचा वास गेला असता त्याच्या नाकात." त्यांनी बोटाला लागलेलं तूप चाटलं. "फक्त या वासाचं आश्चर्य वाटून गेला असेल."

आम्ही हसलो, पण फार नाही. खुब्यामुळे आणखी एक दिवस राहणं शक्य नव्हतं, हे दोघांनाही कळत होतं. उतरताना ते दर वळणावर थांबून मागे वर पाहत होते. मागे डोंगरात तो पुन्हा डुरकायला लागला होता.

शस्त्रक्रिया झाली. मला दूर उत्तरेला हॅमिल्टन शहरात औषधाच्या दुकानात नोकरी मिळाली. आम्ही तिथल्या रोटोटुना भागात नव्या वस्तीत घर घेतलं, जिथे कुंपणापलीकडे अजून कोणी राहायलाच आलं नव्हतं. पहिल्या उन्हाळ्याच्या शेवटी, म्हणजे तिकडच्या फेब्रुवारीत, मी त्यांना पत्र पाठवलं. मूळ इंग्रजीत होतं, ते असं:

"प्रिय शेजारी,

तुमचा नवा खुबा डोंगर चढू देत नाही, हे माझ्या बायकोला तुम्ही फोनवर सांगितलंत. तिने तुमच्यासाठी उशी शिवली आहे, ती वेगळी पाठवतो.

आमच्या दुकानात एक शेतकरी येतात. त्यांच्या मेंढ्यांच्या कुरणाला लागून दक्षिणेला जंगल आहे आणि एप्रिलमध्ये तिथे नर डुरकतात. कुरणाच्या कडेपर्यंत त्यांची जीप जाते. मी जाऊन पाहून आलो. जीपमधून उतरल्यावर चालणं तुमच्या व्हरांड्यापासून टपालपेटीपर्यंत होतं तेवढंच आहे. संध्याकाळी हवा जंगलाकडून कुरणाकडे उतरते. मी पीठ उडवून तपासलं, तीन वेगवेगळ्या संध्याकाळी. बसायला खुर्ची ठेवता येईल. ते म्हणाले, शिकाऱ्याने बंदूक आणावी किंवा नुसतं बघावं, त्यांची हरकत नाही.

बाटली भरून ठेवली आहे. आमच्या घरी मेथी बंद आहे. बायको म्हणते, येणारी थंडी तुमच्यामुळे लाडवांशिवाय काढायची आहे, तेव्हा आलंच पाहिजे.

दुकानात लोकांना माझं बोलणं कळतं. काल एक आजी म्हणाल्या, तुम्ही किती सावकाश सांगता. मी त्यांना म्हणालो, माझी गाडी सुटत नाहीये.

तुम्ही या. खुर्चीवर तुम्ही बसायचं. मी जीपमध्ये थांबेन, काचा वर करून.

तुमचा डॉक"