पाव सेकंदाचा उशीर

ही हकिगत मी पाच वर्षं कुणाला सांगितलेली नाही. बायकोलाही नाही, आणि तिच्यापासून लपवावं असं माझ्या आयुष्यात फारसं काही नव्हतं. लिहायला बसलो की मी दुसरंच काही लिहायचो. शाळा, बदल्या, पहिली सायकल. निवृत्त शिक्षकांच्या एका अंकात माझा लेखही छापून आला, म्हातारपणी संगणक कसा शिकलो याबद्दल. तांड्यावरची गाणी मी कशी रेकॉर्ड केली ते त्यात ऐटीत लिहिलं होतं. त्यातलं एक वाक्य खोटं आहे. 'नगारा वाजवणाऱ्याचं वय झाल्यामुळे तो भाग जमला नाही.' हे वाक्य मी लिहिलं तेव्हा खरं काय ते मला पुरतं ठाऊक होतं.

वाजवणारा म्हणजे आमच्या शाळेचा शिपाई. शाळेत शिपायाला सगळेच मामा म्हणतात, तसं आम्हीही म्हणायचो. हिंगोली जिल्ह्यातल्या पुसेगावकडच्या एका शाळेत आम्ही अकरा वर्षं सोबत होतो. मी विज्ञान शिकवायचो, ते घंटा द्यायचे आणि माझा तास चालू असला की व्हरांड्यात दाराशी बसून ऐकायचे. राहायला शाळेपासून तीन-चार किलोमीटरवरच्या तांड्यात. होळीच्या आधी महिनाभर त्या तांड्यात लेंगी चालते, बंजाऱ्यांची होळीची गाणी. बायाबापड्या गोल धरून गातात आणि त्यांना धरून ठेवतो तो नगारा. तो नगारा मामांचा. वडिलांच्या मागे त्यांनी नगाऱ्याच्या टिपऱ्या हातात घेतल्या, त्याला चाळीस वर्षं झाली होती.

त्यांच्या तांड्यात एक रिवाज होता. वाजवणाऱ्याचा हात उतरला की त्यानं आपण होऊन टिपऱ्या नायकापुढे, म्हणजे तांड्याच्या प्रमुखापुढे, नेऊन ठेवायच्या. कुणी त्याला तसं सांगायचं नाही, ते त्याचं त्यानं ओळखायचं. आणि एकदा ठेवलेल्या टिपऱ्या पुन्हा उचलायच्या नाहीत. हा रिवाज मला मामांनीच सांगितला होता. म्हणजे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

निवृत्तीनंतर मी हिंगोलीत राहायला आलो. मुलाचा जुना लॅपटॉप घरी पडून होता. त्यावर मी फुकट मिळणारी कार्यप्रणाली टाकली आणि तसंच फुकटचं, जगभरातल्या लोकांनी मिळून बनवलेलं, गाणी रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर. एक साउंड कार्ड घेतलं, डब्याएवढं, माईक जोडायला. तांड्यातल्या म्हाताऱ्या एकेक करून चालल्या आहेत आणि होळीला आता डीजे लावतात, हे मामा नेहमी बोलायचे. त्यांची लेंगी मी रेकॉर्ड करतो म्हणालो. मामांना इतका आनंद झाला की दुसऱ्याच दिवशी त्यांनी तांड्यातल्या सात जणींना बसवून तालीम सुरू केली.

बायकांचं गाणं मी तांड्यात जाऊनच घेतलं. एकीच्या हातात थाळी, बाकीच्या गाणाऱ्या. नगारा त्या वेळी घेतला नाही, कारण तो वाजला की माईकमध्ये दुसरं काही ऐकूच येत नाही. ठरलं असं की मामांनी नंतर माझ्या घरी यायचं, कानाला हेडफोन लावायचा, बायकांचं गाणं ऐकायचं आणि त्यावर नगारा धरायचा. शहरात असंच करतात, मी सांगितलं. मामांनी मान डोलावली.

आणि ते यायच्या चार दिवस आधी लॅपटॉप खरखर करायला लागला.

मीच कार्यप्रणाली नवी करून घेतली होती. त्यानंतर बायकांचं गाणं लावलं की मधूनच कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज. रेकॉर्डिंगच खराब झालं असेल तर? त्या सातजणींना पुन्हा कोणत्या तोंडानं बसवायचं? सॉफ्टवेअरमध्ये ड्रायव्हर निवडायची यादी असते. ड्रायव्हर म्हणजे साउंड कार्ड आणि संगणक यांच्यातला दुभाष्या. एक निवडला तर ऐकू यायचं पण माईक बंद. दुसऱ्यात माईक चालू, ऐकू काही नाही. तिसऱ्यात दोन्ही, आणि खरखर. मी वायफाय बंद केलं, पंखा बंद केला, वायर बदलून पाहिली. रक्तदाबाची गोळी सकाळी घेतली की नाही ते आठवेना, म्हणून एक दिवस दोनदा घेतली. बायको म्हणाली, "मुलाला फोन करा." मी केला नाही. जन्मभर दुसऱ्यांना शिकवलं, आता मुलाला विचारायचं?

शेवटी इंटरनेटवर, ते सॉफ्टवेअर वापरणारे एकमेकांना मदत करतात त्या जागी, मोडक्या इंग्रजीत प्रश्न टाकला. दुसऱ्या दिवशी कुणा अनोळखी माणसाचं उत्तर आलं. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं की बफर वाढवा. बफर म्हणजे आवाज पुढे सोडण्याआधी संगणक तो ज्या हौदात साठवतो तो हौद. मी तो असेल तेवढा मोठा केला. खरखर थांबली. मला इतकं हायसं वाटलं की उत्तराच्या पुढच्या ओळी मी वाचल्याच नाहीत. प्रश्न पूर्ण वाचल्याशिवाय पेपर लिहू नका, असं पोरांना दरवर्षी बजावणारा मी.

मामा रविवारी आले, नगारा पोत्यात गुंडाळून, एसटीनं. मागच्या खोलीत मी भिंतींना गोधड्या टांगल्या होत्या आणि हळदीची दोन पोती कोपऱ्यात उभी केली होती, आवाज घुमू नये म्हणून. बायकोनं शेगडी दिली. मामांनी नगाऱ्याचं कातडं शेकून ताणलं, बोटानं टिचकी मारून पाहिली आणि माझ्याकडे बघून हसले. "सर, तुमच्या शाळेत आज मी इद्यार्थी."

पहिल्या वेळी त्यांनी सलग वाजवलं. डोळे मिटून, अंग हलवत. मी दोन्ही आवाज एकत्र करून लावले, आणि नगारा मागे पडत होता. प्रत्येक ठोका शब्दाच्या मागून, धावत येणाऱ्या माणसासारखा. मामांचा चेहरा उतरला. म्हणाले, पुन्हा घेऊ.

मग मी आणखी शहाणपणा केला. त्यांना आपलाही नगारा कानात ऐकू यावा, म्हणजे कुठे चुकतंय ते कळेल, म्हणून त्यांच्याच वाजवण्याचा आवाज हेडफोनमध्ये सोडला. त्यानंतर सगळंच बिघडलं. हात अडखळायला लागला. ते थांबायचे, पुन्हा सुरू करायचे. पाच-सहा वेळा झालं. घाम पुसून ते म्हणाले, "सर, असं काहून होऊन राहिलं? मी मारतो तवा वाजत न्हाई. मारल्यावर वाजतं."

"मारल्यावरच वाजणार ना, मामा," मी म्हणालो.

ते हसले नाहीत. "तसं न्हाई. मारल्यावर, जरा थांबून. तुमी पोरायला सांगायचे न्हाई का, ईज आधी दिसती अन् गडगड मागून येती. तसं काही हाय का ह्या डब्यात?"

बिघाड काय होता ते त्या माणसानं दोन वाक्यांत सांगितलं होतं. तेही मीच शिकवलेल्या धड्यावरून, दाराशी बसून ऐकलेल्या. आणि मी म्हणालो, "त्याला आभाळाएवढं अंतर लागतं, मामा. इथं वायर दीड हाताची आहे."

दुपारी जेवताना बायको म्हणाली की भिंतीतून तर सकाळी पहिल्यांदा नगारा एकसारखा ऐकू येत होता. तिला मी मामांच्या देखत गप्प केलं.

जेवणानंतर मी मामांना पडदा दाखवला. वर बायकांच्या आवाजाच्या लाटा, खाली नगाऱ्याचे उभे सुळके. प्रत्येक सुळका बोटभर उजवीकडे. "बघा. संगणक खोटं बोलत नाही." मामांनी बोट पडद्याजवळ नेलं, एका लाटेवरून खालच्या सुळक्यापर्यंत तिरपं फिरवलं. चारदा, पाचदा. "दिसतंय खरं," म्हणाले. मी म्हणालो, वयाचा भाग असतो, मनाला लावून घेऊ नका. त्यांनी नगारा पुन्हा पोत्यात बांधला. चहाला थांबले नाहीत, एसटी चुकेल म्हणाले. एसटीला अजून तासभर होता.

आठवड्यानं फोन आला. इकडचं तिकडचं बोलले आणि मग म्हणाले, "सर, टिपऱ्या ठिवल्या नायकापुढं." मी म्हणालो, अरे, इतकी घाई कशाला.

होळीला त्यांनी मला बोलावलं होतं. मी गेलो. नगाऱ्यावर त्यांचा पुतण्या होता, जोरकस पोरगा, पण लय सारखी पुढे पळवायचा. बायका एकमेकींकडे बघत कसंबसं गाणं सांभाळत होत्या. मामा म्हाताऱ्यांच्या ओळीत बसले होते. अंगावर शाल, आणि शालीच्या आत दोन्ही हात चालू होते. मी त्या हातांकडे बघत राहिलो. शाल बरोबर शब्दावर हलत होती. त्या रात्रीपासून माझ्या मनाला जी कुरतड लागली, ती कशाची हे मला कळायच्या आधीच लागली.

उन्हाळ्यात मी ते जुनं उत्तर पुन्हा काढलं. पुढच्या ओळीत त्या अनोळखी माणसानं स्पष्ट लिहिलं होतं की बफर वाढवलात तर आवाज उशिरा पोचेल. आधीच्या गाण्यावर दुसरं वाद्य घेणार असाल तर हा उशीर मोजून सॉफ्टवेअरला सांगा, नाहीतर वाजवणारा बिचारा चुकतोय असं वाटेल. कसा मोजायचा तेही दिलं होतं. हेडफोन माईकला टेकवायचा, एक टिकटिक सोडायची आणि ती परत यायला किती वेळ लागला ते बघायचं. मी दार लावून घेतलं आणि मोजलं. पाव सेकंद. पुन्हा मोजलं. पाव सेकंद.

मग मामांचं पहिल्या वेळचं वाजवणं उघडलं आणि सगळं पाव सेकंद डावीकडे सरकवलं. प्रत्येक ठोका शब्दाखाली जाऊन बसला. एकही इकडेतिकडे नाही. बाई दम घ्यायला थांबते तिथे ते किंचित थांबलेत, हे मला तेव्हा पहिल्यांदा ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशीच निघायला हवं होतं. पंधरा दिवस मी काही ना काही कारण काढलं. रोज फोन वाजला की वाटायचं मामाच असणार, कुणीतरी त्यांना सांगितलं असणार. सांगणारं होतं तरी कोण? अखेर एका सकाळी एसटीत बसलो. काय बोलायचं ते वाटेत पाठ केलं.

मामांनी खाटेवर गोधडी टाकली, मामींनी चहा केला. हळद शिजवण्याच्या, पावसाच्या गोष्टी झाल्या. मग त्यांनीच विचारलं, "सर, मशीन ठीक हाय का आता?"

"आहे," मी म्हणालो.

"म्हंजे माझंच चुकत व्हतं." ते सहज बोलले, मन मोकळं करावं तसं. हिंगोलीला जाऊन डॉक्टरला कान दाखवले होते, हातही दाखवले होते. डॉक्टर म्हणाला होता की दोन्ही ठीक आहेत. "मंग काय, ताल डोक्यातूनच गेला असंल. तो कोनत्या डाक्टरला दाखवावा?" मामी हसल्या. मामाही हसले. दोघंही माझ्याकडे बघत होते, मी काही म्हणेन म्हणून.

मी म्हणालो, "वय कुणाला चुकलंय?"

हे माझ्या तोंडून गेलं, तिथेच, त्यांचा चहा हातात असताना. टिपऱ्या तर परत उचलता येत नाहीत, मग सांगून उपयोग काय, असं मी परतीच्या वाटेवर स्वतःला समजावलं. नंतर बराच काळ समजावत राहिलो. खरं कारण एवढंच की अकरा वर्षं जो माणूस मला सर म्हणत दाराशी बसला, त्याच्यापुढे मला चूक कबूल करायची नव्हती. अंकातला लेख मी त्यानंतर लिहिला.

पुढे दर होळीला ठरवायचो की यंदा जायचं. मामांनी होळीला बोलवायचं बंद केलं होतं. ते स्वतःच त्या दिवशी लेकीच्या गावाला जायचे, असं कुणाकडून तरी कळलं. गेल्या थंडीत मामा वारले. भेटायला गेलो तेव्हा मामी म्हणाल्या, तुमची लई आठवण काढायचे. तेव्हाही अंगणात माणसं आहेत म्हणून मी बोललो नाही. दुरुस्त केलेलं ते गाणं खिशातल्या पेन ड्राइव्हमध्ये होतं, ते तसंच घेऊन परत आलो.

त्या उन्हाळ्यात एसटीत पाठ केलं होतं ते असं:

मामा, तुमचा हात चुकला नव्हता. एक ठोकाही चुकला नव्हता. मशीन उशीर करत होतं, मी ते तपासलं नाही आणि तुम्ही सांगितलंत ते ऐकलं नाही. मी नायकाकडे तुमच्यासोबत येतो आणि त्यांच्यासमोर हे सांगतो. मला माफ करा.