वासंतीचा डावा अंगठा

वासंती गेल्याचा फोन आला तेव्हा मी किहीमच्या घरी, अंगणात वाळत घातलेली कोकमं उचलत होते. तिची सून मीनल बोलत होती. "मावशी, आई पहाटे गेल्या..." महिना होत आला. आता लिहायला बसले आहे, कारण शेवटच्या दोन वर्षांतली वासंती मला कुणाला तरी सांगायलाच हवी.

आम्ही दोघी एकाच शाळेत. ती चित्रकला शिकवायची, मी मराठी. तिचं माहेर पेणकडचं, मिठागरवाल्यांचं. निवृत्तीनंतर तिनं कॅमेरा घेतला आणि कुणी वळूनही पाहणार नाही अशा जागांचे फोटो काढू लागली... ओहोटीनंतरचा चिखल, खारफुटीतलं थांबलेलं पाणी, मिठागराचे सुने बांध. माहेरच्या मिठागरांवर भराव पडणार हे कळल्यावर तिनं ठरवलं, शेवटचा हंगाम आपण टिपायचा. नेमका त्याच पावसाळ्यात तिला अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला, चालणं काठीवर आलं. घरच्यांनी कॅमेरा कपाटात ठेवून दिला.

दिवाळीनंतर भेटायला गेले तर म्हणाली, "उद्या गाडी काढ. मिठागरावर जायचंय."

"अगं, बटण उजवीकडे. दाबणार कशी?"

तिनं कॅमेरा मागितला, डाव्या हातात उलटा धरला. बटण डावीकडे खाली आलं. अंगठ्यानं दाबून दाखवलं. "फोटो नंतर सुलटा करता येतो. मला आधी तिथे ने."

सुरुवातीचे सगळे फोटो हललेले निघाले. ती चिडली, रडली आणि पुन्हा गाडीत बसली. वाफ्यांत मीठ धरेपर्यंत आम्ही जातच राहिलो. उन्हाळ्यात गावच्या समाजमंदिरात तिनं ते फोटो लावले. तिच्या नात्यातले एक म्हातारे काका एका फोटोपाशी थांबले.

"बाय, यात मानूसच न्हाय."

"आताच गेलाय, काका. चिखलात बघा."

काका वाकले. बांधाच्या कडेनं उमटत गेलेली पावलं त्यांना दिसली. बराच वेळ त्यांना सरळ होता येईना. "आमचाच बांध हाय ह्यो," एवढंच म्हणाले.

पुढच्या हंगामात तिथे डंपर आले. वासंती थांबली नाही; किनारा धरून दक्षिणेकडे वळली.

परवा तिच्या घरी गेले होते. पलंगासमोर आगरदांड्याच्या खाडीचा फोटो टांगलेला. तो एका बाजूला कललेला वाटला म्हणून सरळ करायला हात लावला, तर चौकट सरळच होती. पाणीच तिरकं होतं.

"असू दे, मावशी," मीनल म्हणाली. "छापायच्या आधी मी सरळ करून देत होते, तर आई रागावल्या. म्हणाल्या, मी आता अशीच उभी राहते. माझं पाणीही असंच दिसू दे."